घरच्या म्युझिक पीसीची नव्याने जुळणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये घरच्या घरी रेकॉर्डिंग करणारे बरेच जण आहेत. कुणी भजनी मंडळाचे अभंग ध्वनिमुद्रित करतं, कुणी तबल्याच्या विद्यार्थ्यांसाठी ठेके आणि लेहरे तयार करतं, कुणी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाचे ट्रॅक बसवतं, तर कुणी जिंगल करतं. या मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पीसी सात-आठ वर्षांचा झाला आहे आणि त्यातलं काय ठेवायचं, काय बदलायचं हे ठरत नाही. आमचा क्रम सगळीकडे एकच आहे: आधी शांतता, मग स्थिर चाल, आणि ताकद सगळ्यात शेवटी.

गेमिंगसाठी चांगला पीसी संगीतालाही चांगलाच ना? दुकानदार तर तेच सांगतो.

नाही. गेममध्ये एखादी फ्रेम उशिरा आली तर डोळ्याला कळतही नाही. आवाजाचं तसं नसतं. ४८,००० हर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर (एका खेपेत हाताळायचा आवाजाचा तुकडा) ठेवला, तर प्रोसेसरला दर २.६७ मिलिसेकंदांत ठरलेलं काम पुरं करावंच लागतं. एकदाही उशीर झाला की ‘टक्’ असा आवाज येतो, आणि तो नेमका आलापाच्या मध्यावर येतो. म्हणून इथे सरासरी वेगापेक्षा वेळ न चुकण्याला किंमत आहे.

दुसरं असं, की गेम खेळणारा हेडफोन घालून बसतो, पंखे कितीही घोंगावले तरी त्याचं काही बिघडत नाही. तुमचा माइक मात्र त्याच खोलीत असतो. गेमिंग पीसीचा निम्मा पैसा ग्राफिक्स कार्डात जातो आणि संगीताला त्याचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही.

गाणं वाजताना टक्-टक् येतं. प्रोसेसर जुना झाला असं समजायचं का?

लगेच समजू नका. आधी सॉफ्टवेअरमधला सीपीयू मीटर बघा. मीटर लाल होतो त्याच क्षणी टक् होत असेल, तर प्लगइनचा (सॉफ्टवेअरमधली वाद्यं आणि इफेक्ट) भार खरोखर झेपत नाही. मीटर तीस-चाळीस टक्क्यांवर असूनही टक् होत असेल, तर दोष बहुधा कुठल्या तरी ड्रायव्हरचा, म्हणजे पीसीचा एखादा भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा असतो. लेटन्सीमॉन नावाचा मोफत प्रोग्रॅम दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतो ते तो नावासकट दाखवतो. वाय-फाय, ब्लूटूथ आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर हे नेहमीचे संशयित. वाय-फाय बंद करून बघा, पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’ करा, ऑडिओ इंटरफेसच्या (माइक आणि पीसी जोडणाऱ्या डब्याच्या) कंपनीचा स्वतःचा एसिओ (आवाज कमी उशिराने पोचवणारा) ड्रायव्हर टाका. अनेकांचा प्रश्न इथेच सुटतो आणि खर्च वाचतो. नव्या पीसीवरही असंच होत असेल तर हीच तपासणी करा.

जुन्या पीसीतलं काय काय ठेवता येईल?

मॉनिटर, कीबोर्ड, ऑडिओ इंटरफेस आणि एसएसडी बिनधास्त ठेवा. कॅबिनेट जाड पत्र्याचं असेल आणि त्यात १२० किंवा १४० मिलिमीटरचे पंखे बसत असतील तर तेही ठेवा. पॉवर सप्लाय पाच-सहा वर्षांपेक्षा जुना असेल, किंवा बिननावाचा असेल, तर नवाच घ्या. सगळ्या भागांना वीज तोच पुरवतो. तिथे पैसे वाचवायला जाऊ नका. जुनी हार्ड डिस्क बॅकअपपुरती बाहेर काढून ठेवा.

रॅमचं उत्तर तुमच्या मदरबोर्डावर आहे. डीडीआर३ रॅम आता कशातच बसणार नाही. डीडीआर४ असेल तर ती सांभाळा, कारण २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले आहेत. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे डीडीआर४वाले बोर्ड मिळतात, त्यात ती चालेल. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्डांत मात्र फक्त डीडीआर५ बसते.

कूलरही तपासून घ्या. एएम४चे बरेच कूलर एएम५वर बसतात. इंटेलच्या ११५१ सॉकेटचा कूलर १७०० सॉकेटवर वेगळ्या कंसाशिवाय बसत नाही, भोकांमधलं अंतर बदललेलं आहे.

माझ्याकडे बी४५० बोर्ड आणि रायझन २६०० आहे. सगळंच बदलू?

अजिबात नाही. सगळ्यात स्वस्तात काम होणाऱ्या भाग्यवंतांपैकी तुम्ही आहात. त्याच बोर्डावर रायझन ५७००एक्स किंवा ५६०० बसतो आणि फरक ठळक जाणवतो. फक्त एक क्रम पाळा: जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्रॅम) अद्ययावत करा, मग नवा बसवा. उलटं केलं तर पडदा काळाच राहील आणि जुना प्रोसेसर परत लावावा लागेल. एक अपवाद: ग्राफिक्स कार्ड काढून टाकायचा विचार असेल तर ५६००जी किंवा ५७००जी घ्या. या मालिकेत ‘जी’ नसलेल्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोय नाही.

प्रोसेसरमध्ये कोर जास्त बघू की वेग?

एका ट्रॅकवर एकामागोमाग लावलेले प्लगइन साधारण एकाच कोरवर चालतात, कारण पहिल्याचं काम झाल्याशिवाय दुसऱ्याला आवाज मिळत नाही. मास्टर ट्रॅकचंही तसंच. म्हणून गाणं, हार्मोनियम, तबला आणि चार-पाच वाद्यं एवढंच काम असेल, तर सहा चांगले वेगवान कोर पुरतात. वीस-पंचवीस ट्रॅकवर सॅम्पलची वाद्यं, व्हायोलिनचे थर, सिंथ असं काम असेल तर आठ कोर घ्या.

आकड्यांत सांगायचं तर रायझन ७६०० किंवा ७७००, इंटेलकडे कोअर आय५ची १३४०० किंवा १४४०० ही जोडी. यातले रायझन ६५ वॉटचे आहेत. इंटेलचे ६५ वॉटवाले टर्बोमध्ये (वेग चढलेला असताना) दुपटीच्या आसपास वीज खातात. बायोसमध्ये ती मर्यादा खाली आणता येते आणि संगीताच्या कामात तोटा फारसा जाणवत नाही. पंखा मात्र लगेच शांत होतो. इंटेलच्या या पिढ्यांत मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोर असतात. त्यांना कामं नीट वाटून देण्यासाठी विंडोज ११च वापरा.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर खराब होतात म्हणे. खरं का?

काही मॉडेल्समध्ये जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर हळूहळू अस्थिर होण्याची तक्रार खरी होती. २०२४मध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले आणि त्या डेस्कटॉप प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा घ्याल तर पहिल्याच दिवशी बायोस अद्ययावत करा. वापरलेला आय७ किंवा आय९ कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. तो आधी कसा वापरला गेला हे बाहेरून कळत नाही.

ग्राफिक्स कार्ड लागतं का?

फक्त संगीत करत असाल तर नाही. ते काढलं की एक पंखा, बरीच उष्णता आणि एक त्रासदायक ड्रायव्हर कमी होतो. मात्र इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. दुकानात ‘एफ’ थोडा स्वस्त म्हणून पुढे केला जातो, तेव्हा सावध राहा. व्हिडिओ एडिटिंगही करणार असाल तर पंखे पूर्ण थांबणारं, म्हणजे झिरो आरपीएमची सोय असलेलं कार्ड बघा.

रॅम किती घ्यावी?

आवाज आणि थोडी वाद्यं: १६ जीबी. कॉन्टॅक्टसारख्या सॅम्पलरमध्ये (खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित सूर वाजवणारा प्रोग्रॅम) मोठ्या लायब्ररी: ३२. पूर्ण ऑर्केस्ट्रा एकाच वेळी उघडा ठेवणारे असतील त्यांनीच ६४चा विचार करावा.

एकाच पट्टीऐवजी दोन घ्या. पण चार लावू नका, विशेषतः डीडीआर५मध्ये. चार पट्ट्यांवर वेग खाली येतो आणि पीसी अडूनही बसू शकतो. पुढे वाढवायची शक्यता असेल तर आत्ताच दोन मोठ्या घ्या. आणि एक उपाय बिनखर्चाचा: सॅम्पल लायब्ररी एसएसडीवर असेल, तर कॉन्टॅक्टच्या सेटिंगमध्ये प्रीलोड बफर कमी करता येतो. प्रत्येक सुराचा सुरुवातीचा जेवढा भाग रॅममध्ये धरून ठेवला जातो तेवढा घटतो आणि जुन्या १६ जीबीतही बरंच मावतं.

एसएसडी कोणती, किती, आणि एक की दोन?

दोन. एकावर विंडोज आणि प्रोग्रॅम, दुसरीवर लायब्ररी आणि प्रोजेक्ट. विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली तर दुसरीला हातही लावावा लागत नाही.

वेगाच्या मागे फार धावू नका. साटा (तारेने जोडायची) एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई (थेट बोर्डाच्या एम.२ खाचेत बसणारी) ३,५०० किंवा ७,०००. आता तुमची गरज बघा: २४ बिट, ४८,००० हर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी जागा घेतो. आठ माइक एक तासभर चालू राहिले तरी जेमतेम चार जीबी. रेकॉर्डिंगला कुठलीही एसएसडी पुरून उरते. एनव्हीएमईचा फायदा मोठ्या लायब्ररी उघडताना दिसतो.

इथे एक फसगत होते. काही बोर्डांवर दुसऱ्या एम.२ खाचेत एसएसडी लावली की साटाचे एक-दोन पोर्ट आपोआप बंद होतात. ‘जुनी डिस्क दिसेनाशी झाली’ अशी तक्रार आली की आम्ही आधी हेच विचारतो. बोर्डाच्या पुस्तिकेत कुठला पोर्ट बंद होतो ते लिहिलेलं असतं.

पीसीची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. नॉइज रिडक्शनने काढू का?

काढता येते, पण तिच्याबरोबर तंबोऱ्याचा झंकारही जातो. आपल्या संगीतात दोन आवर्तनांमध्ये, दोन आलापांमध्ये खरी शांतता असते. ढोल-ताशांखाली पंख्याचा आवाज लपतो. संथ ख्यालात तो लपत नाही.

जरा हिशेब करून बघा. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १,२०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २० फेरे, आणि पाती हवा कापतात त्याचा सूर होतो १४० हर्ट्झ. काळी एकचा खर्जाकडचा षड्ज, ज्यावर अनेक पुरुष गायक गातात, तो आहे १३८.६ हर्ट्झ. म्हणजे पंखा तुमच्या षड्जाला जवळजवळ लागून, पण किंचित चढा वाजतो. तंबोरा जुळवलेला असूनही रेकॉर्डिंगमध्ये तो ‘हलतो’ असं वाटतं, त्याला हे एक कारण असू शकतं. कुठलाही इक्वलायझर हा सूर काढायला गेला तर गायकाचा सा पातळ करून येतो.

म्हणून उपाय पीसी जुळवतानाच करा. प्रोसेसरवर मोठा हवेचा कूलर लावा, ज्याचा १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा ६०० ते ८०० फेऱ्यांवर काम निभावेल. पाण्याचा कूलर शांत असेल असं वाटतं, पण त्याचा पंप सतत चालतो आणि त्याचा बारीक सूर लागतो. आम्ही तो सुचवत नाही. कॅबिनेटला पुढे एक आणि मागे एक पंखा बास. बायोसमध्ये पंख्याचा वेग तापमानागणिक पटकन चढ-उतार करणार नाही असा लावा, कारण बदलता आवाज स्थिर आवाजापेक्षा जास्त खटकतो. कमी भारावर पंखा थांबणारा पॉवर सप्लाय घ्या. फिरणारी हार्ड डिस्क आत ठेवू नका. ७,२०० फेऱ्यांची डिस्क १२० हर्ट्झवर थरथरते आणि टेबलामार्फत माइकच्या स्टँडपर्यंत पोचते. कॅबिनेट जमिनीवर, रबरी पायांवर, माइकच्या पाठीमागच्या बाजूला ठेवा. कार्डिऑइड माइक मागून सगळ्यात कमी ऐकतो.

थंडीत पीसी शांत असतो, मे महिन्यात ओरडायला लागतो. बिघाड आहे का?

बिघाड नाही. हवेचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरात खोली २० अंशांवर असते, मेमध्ये दुपारी ३८वर जाते. तेवढ्याच कामाला, तेवढ्याच वेगाच्या पंख्याने प्रोसेसर तितकेच अंश जास्त तापतो, मग पंखा पळायला लागतो. त्यामुळे इंदूरमध्ये कूलर निवडताना मे महिना डोळ्यांसमोर ठेवा, प्रोसेसरची वीजमर्यादा कमी करा आणि ध्वनिमुद्रण सकाळी लवकर करा.

खिडकीतल्या वॉटर कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. बाहेरची धूळ आणि ओल मिळून हीटसिंकच्या पात्यांमध्ये असा थर बसतो की तो ब्रशनेही नीट निघत नाही. जाळीचे फिल्टर असलेलं कॅबिनेट घ्या आणि ते महिन्या-दोन महिन्यांनी झटका.

लाइट गेल्यावर यूपीएस चालू होतो, तरी पीसी बंद पडतो. का?

चांगल्या पॉवर सप्लायमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (विजेचा वापर सुधारणारं सर्किट) असतं. स्वस्त यूपीएस आणि साधे इन्व्हर्टर चौकोनी लाटेची वीज देतात, ती काही पॉवर सप्लायना मानवत नाही. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस घ्या. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीला ४५० ते ५५० वॉटचा पॉवर सप्लाय भरपूर होतो, आणि यूपीएसकडून फक्त काम सेव्ह करून पीसी बंद करण्याइतका वेळ हवा असतो.

स्पीकरमध्ये गुणगुण येते, आणि माउस हलवला की ‘चीं-चीं’ होते. साउंड कार्ड बदलू?

आधी अर्थिंग बघा. रामबाग, राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो पण मागे अर्थची तार जोडलेलीच नसते. वीजतंत्री बोलावून तपासून घ्या. गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झची असेल तर कारण विजेकडेच आहे. पीसी, इंटरफेस आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा. इंटरफेस ते स्पीकर बॅलन्स्ड (गुणगुण कमी पकडणारी) केबल वापरा. माउसबरोबर हलणारी चीं-चीं बोर्डावरच्या अंगच्या साउंडमधून येते, बाहेरचा इंटरफेस वापरला की सहसा जाते. प्लगची अर्थची पिन तोडून गुणगुण घालवायचा सल्ला कुणी दिला तर तो कधीही ऐकू नका. माइकला ओठ लावून गाणाऱ्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे.

पैसे मर्यादित आहेत. आधी इंटरफेस घेऊ की पीसी?

रेकॉर्डिंग करता तर इंटरफेस. स्वतःचा चांगला एसिओ ड्रायव्हर असलेला इंटरफेस जुन्या पीसीलाही सुधारतो आणि पुढच्या पीसीवरही चालतो. यूएसबी २.० आहे म्हणून नाक मुरडू नका. दोन-चार काय, सोळा चॅनेललाही ते पुरतं. इंटरफेस थेट बोर्डाच्या मागच्या पोर्टात लावा, हबमध्ये नको.

माझा इंटरफेस फायरवायरचा आहे, आणि एक जुनं पीसीआय साउंड कार्डही आहे. चालतील?

पीसीआय कार्ड नव्या बोर्डात बसतच नाही. पीसीआय एक्सप्रेसची खाच वेगळी आहे. फायरवायरसाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं पीसीआय एक्सप्रेस कार्ड लावून बघता येतं, पण विंडोज ११साठी तुमच्या इंटरफेसचा ड्रायव्हर आहे का हे आधी कंपनीच्या साइटवर बघा. नसेल तर तो जुना पीसी जसाच्या तसा, इंटरनेटविना, फक्त रेकॉर्डिंगला ठेवणं जास्त शहाणपणाचं.

तबलजी म्हणतात हेडफोनमध्ये थाप उशिरा येते. लेटन्सी किती चालते?

हवेत आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. मंचावर तबला आणि गायक दीड-दोन मीटर अंतरावर बसतात आणि कुणाचंही बिघडत नाही. जाऊन-येऊन आठ-दहा मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक वादकांना जमतं. बफर ६४ किंवा १२८ ठेवा. मिक्सिंगच्या वेळी १,०२४ करा, तेव्हा उशिराने काही अडत नाही.

गायकांचं प्रकरण वेगळं. त्यांना स्वतःचा आवाज कवटीतूनही ऐकू येतो, त्यामुळे थोडाही उशीर त्यांना पोकळ, घुमल्यासारखा वाटतो. त्यांच्यासाठी इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज पीसीत न जाता थेट हेडफोनमध्ये) चालू करा; मग पीसीच्या वेगाचा संबंधच उरत नाही.

विंडोज १० ठेवून चालेल का? आणि जुने प्लगइन?

विंडोज १०चं नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ला संपलं. नवी जुळणी करत असाल तर ११च टाका.

जुना पीसी उघडण्याआधी एक संध्याकाळ बाजूला काढा. प्रत्येक प्लगइनचं लायसन्स जुन्या मशीनवर डीअ‍ॅक्टिव्हेट करा, कारण अनेक कंपन्या ते मशीनला बांधतात आणि बोर्ड बदलला की नवं मशीन समजतात. विंडोजची ओईएम (पीसीबरोबर आलेली) परवानगीही जुन्या बोर्डाबरोबर जाते, रिटेल (वेगळी विकत घेतलेली) असेल तर हलवता येते. ३२ बिट प्लगइनवर जुनी गाणी उभी असतील, तर क्युबेस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरने त्यांना ९व्या आवृत्तीपासून सोडलं आहे, रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ती अजून उघडतात. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे असे ट्रॅक जुन्या पीसीवरच वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवणं.

सिल्व्हर मॉलमधून घेऊ की ऑनलाइन?

बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलसारख्या ठिकाणी एकाच दुकानातून घ्या. तिघांचं आपसात जमलं नाही तर एकाच माणसाकडे परत जाता येतं. जीएसटीचं पक्कं बिल मागा, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या, प्रोसेसर डबाबंदच घ्या. सुट्या ट्रे प्रोसेसरची वॉरंटी बहुधा दुकानापुरती असते. शांत पंखे आणि कूलर दुकानात क्वचित मिळतात, ते ऑनलाइन मागवा. यादी लिहून न्या आणि ‘हा नाही, पण याच्यापेक्षा भारी घ्या’ असं कुणी म्हटलं तर घरी येऊन तपासा.

लॅपटॉपच घेतला तर?

फिरून रेकॉर्डिंग करत असाल तर घ्या. घरीच बसून करायचं असेल तर नको: पंखा छोटा, म्हणून त्याचा सूर चढा, आणि तो नेमका माइकपासून हातभर अंतरावर.

जुनं गाणं नव्या पीसीवर चढ्या सुरात आणि जलद वाजतं. काय झालं?

प्रोजेक्ट ४४,१०० हर्ट्झचा आहे आणि इंटरफेस ४८,०००वर चालतो आहे. सूर साधारण दीड सेमीटोन (दीड पट्टी) चढतो. काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी लोंबकळतं. इंटरफेसच्या पॅनेलमध्ये आणि सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये सॅम्पल रेट एकच करा, मग प्रोजेक्ट बंद करून पुन्हा उघडा. ते होईपर्यंत त्यात नवीन काहीही रेकॉर्ड करू नका, नाहीतर रेट बदलल्यावर तो नवा ट्रॅक उतरलेला ऐकू येईल.